मरीनांच्या मानपानाची प्राथमिक मार्गदर्शिका

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या मराठी आईवडिलांना पहिल्या पंधरवड्यात बरंच काही शिकवलं जातं. कचरा कोणत्या डब्यात टाकायचा, फोडणी देताना धुराचा अलार्म कसा वाजू द्यायचा नाही, शेजाऱ्याला हसून 'हाय' म्हणायचं पण त्याचा पगार विचारायचा नाही. एक गोष्ट मात्र कोणी शिकवत नाही. नॉर्थ कॅरोलायनात कॅरी आणि मॉरिसव्हिलच्या बाजूला मराठी घरं आता भरपूर आहेत, आणि त्याच राज्यात समुद्राच्या बाजूला कॅम्प लेजून हा मरीन कोअरचा अवाढव्य तळ आहे. तेव्हा सकाळच्या फेरीत एखादा सत्तरीचा, ताठ कण्याचा, लाल टोपीवाला गृहस्थ भेटणं अगदी शक्य. टोपीवर गरुड, पृथ्वीचा गोल आणि नांगर. तुम्ही कौतुकाने विचारता, "तुम्ही आर्मीत होतात का?" त्याचं हसू तिथल्या तिथे मावळतं. "मरीन," एवढंच म्हणून तो पुढे चालू लागतो.

ही मैत्री वाचवायची असेल तर पुढचे धडे वाचावेत. बंदूक चालवता येण्याची अट नाही. पोहता आलं नाही तरी चालेल. फक्त दुसऱ्याच्या मानपानावरून मनापासून रागावता आलं पाहिजे, आणि त्याची सवय आपल्याला घरीच झालेली असते.

धडा पहिला: तक्रार समजून घ्या

अमेरिकेची सशस्त्र दलं सहा: आर्मी, मरीन कोअर, नेव्ही, एअर फोर्स, स्पेस फोर्स आणि कोस्ट गार्ड. लष्करी खाती मात्र तीनच: आर्मीचं, नेव्हीचं आणि एअर फोर्सचं. मरीन कोअर नेव्हीच्या खात्यात येतं. इथे नवशिका घसरतो आणि म्हणतो, "म्हणजे नेव्हीचीच एक शाखा ना?" नाही. कायद्याने नेव्ही आणि मरीन कोअर या दोन वेगळ्या सेवा आहेत. दोघींचे प्रमुख वेगळे, दोघींच्या वर मुलकी सचिव एकच. पण त्या सचिवाला म्हणतात 'सेक्रेटरी ऑफ द नेव्ही' आणि खात्याला 'डिपार्टमेंट ऑफ द नेव्ही'. मरीनांची मागणी एवढीच की खात्याच्या नावापुढे 'अँड मरीन कोअर' हे तीन शब्द जोडावेत. पैसे नकोत, जहाजं नकोत, स्वतंत्र खातंही नको.

एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं? असं ज्याला वाटलं असेल त्याने आपल्या घरातलं एखादं लग्न आठवावं. पत्रिकेत सगळ्या काकांची नावं छापली आणि धाकट्या काकांचं राहिलं. हॉल त्यांनीच ठरवला होता, आचारी त्यांच्याच ओळखीचा, वऱ्हाडाच्या गाड्याही त्यांनीच सांगितलेल्या. काका लग्नाला आले, जेवले, फोटोतही उभे राहिले. आणि तो विषय पुढची वीस वर्षं दर गणपतीत निघाला. मरीन कोअरच्या घरी हा विषय 1834 पासून निघतो आहे, कारण त्या वर्षी काँग्रेसने कायदा करून हे दल नेव्हीच्या खात्याखाली आणलं.

धडा दुसरा: तोंड उघडण्यापूर्वी

'कोअर' म्हणायचं. स्पेलिंगमध्ये आणखी दोन अक्षरं दिसतात, ती फक्त बघण्यासाठी. 2010 मध्ये बराक ओबामांनी एका जाहीर भाषणात 'कोअरमन'चा (नेव्हीच्या वैद्यकीय शिपायाचा) 'कॉर्प्समन' असा उच्चार केला, तेव्हा त्यांच्या विरोधकांनी तो कित्येक महिने पुरवून खाल्ला. तुम्ही राष्ट्राध्यक्ष नाही, तुम्हाला एकदा माफ करतील.

मरीनला 'सोल्जर' म्हणायचं नाही. सोल्जर आर्मीत असतात. 'एक्स-मरीन' असंही म्हणायचं नाही. निवृत्त होऊन चाळीस वर्षं झाली, गुडघे बदलून झाले, तरी माणूस मरीनच राहतो. "आमच्याकडेही मार्कोस आहेत" असं अभिमानाने सांगणार असाल तर सांगा, पण मुंबईतल्या आयएनएस अभिमन्यूवरचे मार्कोस हे आपल्या नौदलाचेच कमांडो आहेत, हे लक्षात ठेवून सांगा. भारतात मरीन कोअरसारखं वेगळं दल नाही. हे ऐकल्यावर लाल टोपीवाला "मग तुमच्याकडे भांडण नाही?" असं काहीशा हेव्याने विचारण्याची शक्यता आहे.

एक जुना विनोद तुमच्या कानावर पडेल. नेव्हीवाला म्हणतो, मरीन म्हणजे नेव्हीचं एक डिपार्टमेंट. मरीन म्हणतो, बरोबर, पुरुषांचं डिपार्टमेंट. हसा, पण स्वतः सांगू नका. मरीन कोअरमध्ये पहिली स्त्री 1918 मध्ये भरती झाली आणि 2016 पासून लढाईतली सगळी कामं स्त्रियांना खुली आहेत. तुमच्यासमोर बसलेली आजीबाई कोण निघेल सांगता येत नाही.

आणि नेव्हीची चेष्टा कितीही करा, पण 'डॉक'ची करू नका. मरीन कोअरकडे स्वतःचे डॉक्टर नाहीत, नर्सेस नाहीत, धर्मगुरूही नाहीत. ते सगळे नेव्ही पुरवते. गोळी लागलेल्या मरीनकडे रांगत जाणारा कोअरमन नेव्हीचा असतो. त्याला मरीन 'डॉक' म्हणतात, आणि त्याच्याबद्दल वाकडा शब्द ऐकून घेत नाहीत. नव्या समर्थकांचा उत्साह इथे हमखास नडतो.

धडा तिसरा: जन्मतारखेचा घोळ

10 नोव्हेंबर 1775 ही तारीख पाठ करा. त्या दिवशी फिलाडेल्फियात कॉन्टिनेंटल काँग्रेसने मरीनांच्या दोन पलटणी उभारायचा ठराव केला. भरती टन टॅव्हर्न नावाच्या दारूच्या गुत्त्यात सुरू झाली अशी परंपरा आहे, आणि ही परंपरा खोटी ठरावी असं कुणालाच वाटत नाही. दर वर्षी त्या दिवशी जगभरातले मरीन केक कापतात. केकचा तुकडा हजर असलेल्यांतल्या सगळ्यात वयस्कर मरीनला जातो आणि त्याच्याकडून सगळ्यात लहान मरीनकडे. पाहुणा म्हणून बोलावलं तर हा क्रम पुरा होईपर्यंत हात पुढे करू नये.

आता घोळ. स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर नेव्हीही मोडली आणि मरीनही. नेव्हीचं खातं 30 एप्रिल 1798 ला स्थापन झालं. मरीन कोअर पुन्हा उभं राहिलं 11 जुलै 1798 ला. म्हणजे खात्याची पाटी रंगवली तेव्हा हे दल कागदावर नव्हतंच! पाटीवरून नाव गाळलं असा आरोप करणाऱ्याने ही तारीख विरोधकाच्या हाती लागू देऊ नये. मरीन कोअरने स्वतः यावर फार चांगला उपाय काढला. 1921 पर्यंत वाढदिवस 11 जुलैलाच धरत. त्या वर्षी दलाचे प्रमुख, कमांडंट जॉन लेजून यांनी (तळाला ज्यांचं नाव आहे तेच) हुकूम काढला, आणि वाढदिवस 10 नोव्हेंबरला गेला, सालासकट. एका परिपत्रकात दलाचं वय तेवीस वर्षांनी वाढलं. तो हुकूम अजूनही दर वाढदिवसाला मोठ्याने वाचून दाखवतात.

कोणी म्हणेल, नेव्ही तरी 13 ऑक्टोबर 1775 ची, म्हणजे थोरलीच. म्हणू द्या. अठ्ठावीस दिवसांच्या थोरलेपणावर किती वर्षं पाटी अडवायची, असा उलट प्रश्न टाका.

धडा चौथा: भीती कुठून येते

हा धडा नवशिके गाळतात. गाळू नये, कारण मरीनांचा सगळा स्वभाव यात आहे. या दलाला शत्रूची भीती वाटली असेल नसेल, पण आपल्याच सरकारची भीती जन्मापासून वाटत आली आहे. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने 1829 मध्ये ते आर्मीत विलीन करायचं सुचवलं. थिओडोर रूझवेल्टने 1908 मध्ये मरीनांना लढाऊ जहाजांवरून उतरवण्याचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी काँग्रेसने त्यांना परत चढवलं. दुसरं महायुद्ध संपलं, आणि तिन्ही दलं एका छत्राखाली आणायच्या योजनेत मरीन कोअरचं काय उरणार हे कोणी धड सांगेना. तेव्हा कमांडंट अलेक्झांडर व्हँडेग्रिफ्ट 6 मे 1946 ला सिनेटच्या समितीपुढे गेले. ग्वाडलकॅनालला जपान्यांशी लढून 'मेडल ऑफ ऑनर' मिळवलेला हा माणूस सिनेटरांना म्हणाला की गुडघे टेकून याचना करायची आमच्याकडे रीत नाही, दल मोडायचं असेल तर काँग्रेसने ते स्वतः मोडावं. न टेकलेल्या गुडघ्यांची ही याचना इतकी परिणामकारक ठरली की 1947 च्या कायद्यात मरीन कोअर तगलं. पडद्यामागे काही मरीन अधिकाऱ्यांची एक टोळी मसुदे आणि मुद्दे पुरवत होती. समर्थकाने भाषण ऐकावं आणि टोळीचाही अभ्यास करावा.

तगलं, पण रोडावलं. महायुद्धात पावणेपाच लाखांवर असलेलं दल जून 1950 मध्ये 74,000 च्या आसपास आलं. जॉइंट चीफ्स ऑफ स्टाफ या सेनाप्रमुखांच्या मंडळाचे अध्यक्ष जनरल ओमर ब्रॅडली यांनी ऑक्टोबर 1949 मध्ये सांगून टाकलं होतं की समुद्रातून किनाऱ्यावर मोठ्या फौजा उतरवण्याचे दिवस गेले. मरीनांचं मुख्य काम तेच. वर्षही उलटलं नाही तोच कोरियात युद्ध पेटलं, आणि पुसानचा कोपरा राखायला घाईघाईने पाठवलेल्यांत मरीनांची ब्रिगेड होती.

1950 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाचे काँग्रेस सदस्य गॉर्डन मॅक्डोनो यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना पत्र लिहिलं, की मरीन कमांडंटला जॉइंट चीफ्समध्ये जागा द्यावी. ट्रूमन पहिल्या महायुद्धात आर्मीच्या तोफखान्यात कॅप्टन होते, आणि पत्रोत्तर देताना पेनावर ताबा ठेवण्याबद्दल त्यांची ख्याती नव्हती. त्यांनी उत्तर दिलं की मरीन कोअर हे नेव्हीचं पोलीस दल आहे, मी राष्ट्राध्यक्ष असेपर्यंत ते तेच राहील, आणि त्यांची प्रचारयंत्रणा जवळजवळ स्टालिनच्या तोडीची आहे. मॅक्डोनोंनी ते उत्तर काँग्रेसच्या इतिवृत्तात छापलं. मरीन कोरियात मरत होते, आणि त्यांना पोलीस म्हटल्याची बातमी अमेरिकेतल्या घरोघरी नाश्त्याच्या टेबलावर पोचली. आई, वडील, बायका, जुने मरीन, सगळे पत्र लिहायला बसले. योगायोग असा की मरीन कोअर लीग या माजी मरीनांच्या संघटनेचं अधिवेशन त्याच वेळी वॉशिंग्टनमध्ये भरलं होतं. ट्रूमननी कमांडंटला दिलगिरीचं पत्र दिलं, आणि मग स्वतः अधिवेशनात जाऊन उभे राहिले. मरीनांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याभराने, 15 सप्टेंबरला, इंचॉनच्या किनाऱ्यावर मरीन उतरले आणि ब्रॅडलींचं भाकीतही निकालात निघालं.

नवशिक्याने यातून तंत्र उचलावं. गुणवत्ता असतेच, पण ती दिसायला योग्य वेळी योग्य माणसाचा तोल जावा लागतो. आपल्या बाजूने शंभर भाषणं करण्यापेक्षा समोरच्याने लिहिलेलं एक उर्मट पत्र जास्त कामाचं. ते मिळालं की त्यात एक अक्षरही न बदलता छापावं.

फळ 28 जून 1952 ला मिळालं. त्या दिवशी ट्रूमन यांनाच सही करावी लागलेल्या कायद्याने मरीन कोअरच्या तीन डिव्हिजन आणि तीन विमानदलं कायम केली, आणि मरीनांशी संबंधित विषयांपुरता कमांडंटला जॉइंट चीफ्समध्ये बरोबरीचा आवाज दिला. हा कायदा आणणाऱ्या दोघांची नावं पाठ असलेली बरी. सिनेटर पॉल डग्लस हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. पन्नासाव्या वर्षी मरीन कोअरमध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि पॅसिफिकमध्ये जखमी झाले. माइक मॅन्सफिल्ड पोरवयात वय लपवून नेव्हीत गेले, मग आर्मीत, मग मरीन कोअरमध्ये. पुढे ते सिनेटमधल्या बहुमतवाल्या पक्षाचे नेते झाले, जपानमध्ये राजदूत झाले. आर्लिंग्टनच्या दफनभूमीत त्यांच्या दगडावर यातलं काहीच नाही. नावाखाली फक्त 'प्रायव्हेट, यूएस मरीन कोअर' आहे. नेव्ही आणि आर्मी दोन्ही गाळल्या, हे समर्थकांनी चारचौघांत सांगावं.

धडा पाचवा: प्रसिद्धी

ट्रूमन प्रचारयंत्रणेबद्दल अगदीच चुकले नव्हते. जून 1918 मध्ये फ्रान्समधल्या बेलो वूड या जंगलात मरीनांची ब्रिगेड लढली. ती आर्मीच्या डिव्हिजनचा भाग होती, पण वर्तमानपत्रांत नाव मरीनांचं झळकलं आणि आर्मीने ते पुढची काही दशकं मनात ठेवलं. जर्मनांनी त्यांना 'सैतानी कुत्रे' म्हटलं, अशी आख्यायिका प्रत्येक मरीन सांगतो. अमेरिकन वर्तमानपत्रांत हे नाव लढाईच्या दोन महिने आधीच छापून आलं होतं, हे त्याला सांगण्यात काही फायदा नाही. जंगलाची गोष्ट मात्र पक्की आहे: फ्रेंचांनी त्याच महिन्यात त्याचं नाव बदलून मरीन ब्रिगेडचं नाव दिलं. फ्रान्सने आख्खं रान नावावर करून दिलं, वॉशिंग्टनला तीन शब्द जड जातात. हे वाक्य तुम्ही खुशाल वापरा.

इवो जिमाचा फोटो सांगायला नको. 23 फेब्रुवारी 1945, डोंगरमाथा, झेंडा उभारणारे सहा जण. आर्लिंग्टनचं स्मारक त्याच फोटोवरून घडवलं आणि 10 नोव्हेंबर 1954 ला त्याचं लोकार्पण झालं. तारीख कोणी निवडली असेल ते ओळखा. सहांपैकी एक जण नेव्हीचा कोअरमन आहे असं सत्तर वर्षं मानलं जात होतं, आणि नेव्हीवाले त्या एकाच्या जोरावर स्मारकात आपलाही वाटा सांगत. 2016 मध्ये मरीन कोअरने जुने फोटो पुन्हा तपासून जाहीर केलं की तो कोअरमन या फोटोत नाही. त्याच डोंगरावर आधी जो लहान झेंडा लावला होता तिथे तो होता. आता सहाही मरीन. एवढ्या बारकाईने स्वतःचा हिशेब तपासणाऱ्या दलाला पाटीवरचं रिकामेपण खुपणारच.

धडा सहावा: पाठिंबा कसा गोळा करावा आणि त्याचं काय होतं

इथे आपण मुख्य पाठाशी आलो. वॉल्टर जोन्स हे नॉर्थ कॅरोलायनाचे रिपब्लिकन काँग्रेस सदस्य. कॅम्प लेजून त्यांच्या मतदारसंघात. स्वतः मरीन नव्हते. राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये होते. या शतकाच्या सुरुवातीपासून ते एकच विधेयक पुन्हा पुन्हा आणत राहिले: खात्याचं नाव 'नेव्ही आणि मरीन कोअर' करा. 2010 मध्ये 435 जणांच्या प्रतिनिधीगृहात चारशेहून अधिक सदस्यांनी सहपुरस्कर्ते म्हणून सही केली. अमेरिकेत सूर्य कुठे उगवतो यावर एवढं एकमत होणं कठीण. सिनेटमध्ये कॅन्ससचे पॅट रॉबर्ट्स, जे स्वतः मरीन, त्यांनी जोडीचं विधेयक आणलं. 'फुल मेटल जॅकेट' या 1987 च्या चित्रपटात रंगरुटांना शिव्यांनी सोलून काढणारे आर. ली एर्मी, जे खऱ्या आयुष्यातही ड्रिल इन्स्ट्रक्टर होते, ते कॅपिटॉलवर येऊन बाजू मांडून गेले. गॅलपच्या पाहण्यांत सगळ्यात प्रतिष्ठेचं दल कोणतं विचारलं की मरीनांचं नाव अनेकदा पहिलं येतं. म्हणजे जनता बाजूने, प्रतिनिधी बाजूने, नट बाजूने. प्रतिनिधीगृहाने विधेयक मंजूर केलं.

पुढे काही झालं नाही. सिनेटने ते फेटाळलं असतं तर निदान रागवायला एक दिवस मिळाला असता. तसं नाही. ते दर वेळी वाटाघाटींत कुठेतरी गळून गेलं. ज्या गोष्टीला चारशे लोकांचा पाठिंबा असतो आणि जिच्यासाठी एकाचीही खुर्ची जात नाही, तिचं हे असंच होतं. सही करायला काही पडत नाही, अडवायलाही काही पडत नाही. ट्रूमनसारखा उघड शत्रू 2010 मध्ये मिळाला असता तर पाटी बदलली असती असं माझं मत आहे. सगळे सभ्यपणे अनुकूल होते, तिथेच घात झाला.

जोन्स यांचं नशीब पाहा. याच माणसाने मार्च 2003 मध्ये, इराकवरच्या हल्ल्याला फ्रान्सने विरोध केला म्हणून, काँग्रेसच्या उपाहारगृहात 'फ्रेंच फ्राइज'चं 'फ्रीडम फ्राइज' करण्यात पुढाकार घेतला होता. बटाट्याचं नाव एका फटक्यात बदललं. खात्याचं नाव त्यांच्या हयातीत बदललं नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये ते वारले तेव्हा विधेयक तसंच होतं.

पण बटाट्यावर थांबू नका, कारण जोन्स तिथे थांबले नाहीत. युद्ध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ते कॅम्प लेजूनला एका मरीनच्या अंत्यविधीला गेले, आणि त्यानंतर त्यांना आपल्या मताचा पश्चात्ताप वाटत राहिला. युद्धाला मत दिलेला हा माणूस युद्धाचा विरोधक झाला. मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांना त्यांनी स्वतः सह्या करून हजारो पत्रं पाठवली. आपल्या कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर कॅम्प लेजूनच्या मृतांचे फोटो लावले. आणि सभागृहात विधेयकावर बोलताना ते मोठे फलक घेऊन यायचे. मरीनच्या घरी शौर्यपदकाबरोबर जाणारं सरकारी पत्र एका फलकावर मोठं करून दाखवलेलं असे. वर फक्त 'डिपार्टमेंट ऑफ द नेव्ही'. शेजारच्या फलकावर तेच पत्र, 'अँड मरीन कोअर' जोडलेलं. मुलगा मरीन होता, मरीन म्हणून गेला, आणि त्याच्या आईच्या हातातल्या कागदावर मरीन हा शब्दच माथ्यावर नाही. या युक्तिवादाला मला उत्तर सुचत नाही. मार्गदर्शिकेतला हा परिच्छेद चेष्टेत वापरू नये.

धडा सातवा: विरोधकाशी संवाद

विरोधक म्हणेल, खर्च होईल. शिक्के, पाट्या, कागद. विमानवाहू जहाजाची किंमत विचारा आणि गप्प बसा. तो म्हणेल, दोनशे वर्षांची परंपरा आहे. म्हणा, वाढदिवस बदलता येतो तर पाटीही येते. नाही, हे म्हणू नका, तिसरा धडा उघडा पडेल.

सगळ्यात अवघड विरोधक तो, जो म्हणतो, "मरीनांना काय कमी आहे?" याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. 1978 पासून कमांडंट जॉइंट चीफ्सचा पूर्ण सदस्य आहे. 2005 मध्ये पीटर पेस हे जॉइंट चीफ्सचे अध्यक्ष झालेले पहिले मरीन. आणि 2017 च्या उत्तरार्धात तर जेम्स मॅटिस संरक्षणमंत्री, जोसेफ डनफर्ड जॉइंट चीफ्सचे अध्यक्ष आणि जॉन केली व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ: तिघेही मरीन जनरल. अमेरिकेचं सैन्य, त्याचं मंत्रालय आणि राष्ट्राध्यक्षांचा दरवाजा असं सगळं मरीनांच्या हाती होतं, जोन्स यांचं विधेयक काँग्रेसमध्ये पडून होतं, आणि पाटी जिथल्या तिथे. उत्तर द्यायचं तर असं द्या: कमी काहीच नाही, म्हणून तर तीन शब्द द्यायला हरकत नसावी. मग लगेच विषय बदला.

सरावासाठी प्रश्न

स्पेस फोर्सचं काय? 20 डिसेंबर 2019 ला जन्मलेलं हे दल एअर फोर्सच्या खात्यात ठेवलं, आणि खात्याच्या नावात त्याचंही नाव नाही. लाल टोपीवाल्याला हे सांगाल तर तो म्हणेल, त्यांना आधी दोनशे वर्षं रांगेत उभं राहू दे. कोस्ट गार्डचा विषय काढू नका. ते आधी अर्थखात्यात, मग वाहतूक खात्यात आणि 2003 पासून होमलँड सिक्युरिटी खात्यात असं फिरत आलं आहे, आणि त्यांची व्यथा ऐकायला बसलात तर संध्याकाळ होईल.

नाव बदलणं इतकं अवघड असतं का? सप्टेंबर 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशाने आख्ख्या संरक्षण खात्याला 'डिपार्टमेंट ऑफ वॉर' हे जोडनाव बहाल केलं. पाट्या लगेच बदलल्या. त्याच नोव्हेंबरात मरीन कोअर अडीचशे वर्षांचं झालं, केक कापला गेला, आणि नेव्हीच्या खात्याचं नाव नेव्हीचंच राहिलं. या प्रसंगाची शेजाऱ्याला आठवण करून द्यायची की नाही, हे त्याच्या रक्तदाबाचा अंदाज घेऊन ठरवा.

आणि विधेयक उद्या खरंच मंजूर झालं तर? गडबडून जाऊ नका. नाव 'नेव्ही आणि मरीन कोअर' असं होईल, म्हणजे नेव्ही पहिली आणि मरीन दुसरे. अमेरिकी दलांच्या संचलनाच्या अधिकृत क्रमात मात्र आर्मीच्या मागोमाग मरीन चालतात आणि त्यांच्या मागे नेव्ही. हा मुद्दा आत्ताच खर्चून टाकू नका. पाटी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत तो काढता येईल.